सही कुणाची, सत्ता कुणाची?

(देहूरोड इथे झालेल्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. शिबिराला मावळ आणि खेड तालुक्यांतल्या निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्य, सरपंच आणि देहूरोडच्या वस्त्यांमधल्या बचत गटांच्या कार्यकर्त्या आल्या होत्या.)

मैत्रिणींनो,

सकाळी ओळखी चालल्या होत्या तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी सरपंच. माझं काम सही करणं." आपण सगळ्या हसलो. त्याही हसल्या. पण खाली बसताना त्या हळूच म्हणाल्या ते पुढच्या दोघी-तिघींनीच ऐकलं असेल. त्या म्हणाल्या, "बाहुली आहे मी, दुसरं काय."

मला विषय दिला आहे 'सत्ता म्हणजे काय'. मी कायद्याची कलमं सांगणार होते. पण त्या बाईंचं बोलणं ऐकल्यावर वाटलं, बाहुल्यांबद्दलच बोलावं. एकेकट्या माणसांच्या नाही, अख्ख्या राज्यांच्या. जगात अशी कितीतरी राज्यं होऊन गेली, ज्यांना राजा होता, निशाण होतं, शिक्का होता, दरबार होता. नव्हती ती फक्त सत्ता. त्यातलं एक तर आपल्याच महाराष्ट्रात होतं. त्याची गोष्ट आपल्याला फार जवळची आहे, असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगते.

आपण बसलो आहोत ते गाव लष्कराचं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इथं डेपो उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी जणींचे सासरे, आजेसासरे त्या डेपोंमध्ये कामाला होते. ज्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर तेव्हा इंग्रज आणि जपानी लढत होते, त्याच देशातल्या रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी इथल्या विहारात बसवली. त्या ब्रह्मदेशात युद्ध चालू असताना, १ ऑगस्ट १९४३ रोजी जपानने एक 'स्वतंत्र' सरकार स्थापन केलं होतं. बा मॉ त्याचे प्रमुख होते. निशाण ब्रह्मदेशचं, हुकूम जपानी सेनापतीचा.

युद्धाच्या वेळी साम्राज्यांना अशी राज्यं का लागतात? सरळ मुलूख ताब्यात घेऊन आपलाच अंमल का बसवत नाहीत? त्याला तीन कारणं दिसतात. एक म्हणजे खर्च. जिंकलेल्या प्रत्येक गावात आपला शिपाई ठेवणं परवडत नाही. दुसरं म्हणजे माणसं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने रशियाकडून जिंकलेल्या भागात पोलंडचं राज्य जाहीर केलं, ते पोलिश तरुण आपल्या बाजूनं फौजेत यावेत म्हणून. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. लोक परक्याचं ऐकत नाहीत, आपल्या माणसाचं ऐकतात. म्हणून आपलाच माणूस गादीवर बसवायचा आणि दोरी मागून धरायची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. कुणी पाहिला असेल तर आठवा. बाहुली नाचायला लागली की आपण बाहुलीकडेच बघतो. वरचा हात कुणी बघत नाही. साम्राज्याला नेमकं तेच हवं असतं.

आता आपल्या घरची गोष्ट.

इथून लोकलने अर्ध्या तासावर खडकी आहे. तिथं ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याची फौज आणि इंग्रजांची फौज भिडली. पेशवा हरला आणि पळत सुटला. पळताना त्यानं साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या घरच्या मंडळींना सोबत घेतलं. हे छत्रपती तोपर्यंत काय करत होते? नावाला सगळ्या मराठी राज्याचे धनी, पण प्रत्यक्षात साताऱ्यात पेशव्यांच्या पहाऱ्यात. पेशवेपदाची वस्त्रं त्यांच्या हातून जायची, पण ती कुणाला द्यायची हे त्यांच्या हातात नव्हतं. म्हणजे बाहुली आधीच तयार होती. फक्त दोरी पुण्याच्या हातात होती.

इंग्रजांच्या बाजूनं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. त्यानं ओळखलं की ही दोरी आपण धरली तर अर्धी लढाई तिथंच जिंकली. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला पडला आणि दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. बाजीरावाचं राज्य संपलं, पण साताऱ्याच्या महाराजांसाठी राज्य राखून ठेवू, असं त्यात वचन होतं. लढाई अजून चालू होती बरं का. हे वचन म्हणजे लढाईतलंच हत्यार होतं. पेशव्याच्या बाजूनं लढणाऱ्या मराठा सरदारांना त्यातून कळवलं होतं की तुमचा खरा धनी आता आमच्या बाजूला आहे, तुम्ही कुणासाठी लढता? त्याच महिन्यात आष्टीची लढाई झाली. तिथं बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. १० एप्रिल १८१८ रोजी प्रतापसिंहांना साताऱ्यात गादीवर बसवलं. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर १८१९ रोजी, तह झाला. त्या तहातल्या अटी मी मुद्दाम सांगते, कारण दोरी कशी ओवतात ते त्यात दिसतं. राजानं इंग्रज सरकारच्या ताबेदारीत राहून राज्य करायचं. त्यांच्या संमतीशिवाय फौज वाढवायची नाही, कमी करायची नाही. आणि पाचवी अट अशी की आपल्या रयतेबाहेरच्या कुणाही राजा-सरदाराशी, कुणाही माणसाशी परस्पर बोलणं करायचं नाही. इतकंच काय, सोयरीक जुळवायची तरी त्यासाठीचा पत्रव्यवहार इंग्रज अधिकाऱ्यामार्फतच व्हायचा! ही अट तहाचा पाया आहे आणि ती मोडली तर सगळं काढून घेतलं जाईल, असंही त्यात लिहिलं होतं.

मैत्रिणींनो, यात ओळखीचं काही दिसतं का? 'तू बाहेर कुणाशी बोलायचं नाहीस, काय बोलायचं ते मी बोलतो.' कितीजणींनी हे वाक्य घरी ऐकलं आहे? राजाला ते तहात लिहून दिलं, आपल्याला लिहून द्यायचीही गरज पडत नाही.

सुरुवातीला कारभार बघायला इंग्रजांनी जेम्स ग्रँट नावाचा अधिकारी ठेवला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. राजाच्या नावानं हुकूम निघायचे, ठरवायचा हा. १८२२ साली त्यांनी राजाच्या हाती कारभार सोपवला. इथं गोष्टीला वळण लागतं. ज्याला शोभेला म्हणून बसवलं, तो मनापासून राज्य करायला लागला. प्रतापसिंहांनी रस्ते केले, शहराला पाणी आणलं, शाळा काढल्या. सकाळपासून स्वतः कामकाज बघायचे, रोजनिशी ठेवायचे. त्यांचा कारभार पाहून लंडनच्या कंपनी सरकारच्या डायरेक्टरांनी १८३५ साली त्यांना रत्नजडित तलवार आणि कौतुकाचं पत्र पाठवायचं ठरवलं.

ती तलवार त्यांच्या हातात कधीच पडली नाही. का? तर त्या सुमारास राजा आपला हक्क विचारायला लागला होता. तहाप्रमाणे काही जहागीरदारांवर आपला अधिकार आहे, असं तो म्हणत होता. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं शहाणा राजा म्हणजे गप्प राहणारा राजा. हा तर तहाचा कागद उघडून कलमं दाखवायला लागला.

मग आरोप सुरू झाले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संबंध ठेवला, इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई फितवले. या प्रकरणात एक कागद आला. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला एखादी ओळच मिळते. राजाचे दिवाण गोविंदराव कैदेत होते. त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावानं सरकारकडे एक अर्ज गेला. आपल्या मुलाला सोडावं म्हणून आई विनवते आहे आणि विनवता विनवता राजाविरुद्धच कबुली देते आहे, असा तो अर्ज होता. सरकारनं तो पुरावा म्हणून धरला. पुढं बाहेर आलं की अर्ज लिहिणारा कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा माणूस होता.

म्हणजे दोन बलाढ्य पक्षांच्या भांडणात एका म्हाताऱ्या आईचं नाव कागदावर आलं. तिला काय म्हणायचं होतं, ते कुणी विचारलं? त्या सगळ्या प्रकरणाचे ढीगभर कागद छापले गेले, इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये त्यावर चर्चा झाल्या. त्यात गिरजाबाईंचं नाव आहे, आणि त्या नावाखाली दुसऱ्याचा मजकूर आहे.

आता शेवटचा प्रसंग. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्यानं राजापुढे एक कागद ठेवला. तहाचा भंग झाला हे कबूल करा, पुढं तह काटेकोर पाळीन असं लिहून द्या, आणि गादी ठेवा. किती सोपं होतं! एक सही. राजवाडा राहिला असता, हत्ती-घोडे राहिले असते, मानमरातब राहिला असता. प्रतापसिंहांनी सही केली नाही. जे केलं नाही ते केलं असं लिहून देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढं काशीला रवाना केलं. धाकटे भाऊ शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, यांना गादीवर बसवलं. एक बाहुली ऐकेना, दुसरी आणली.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते न्याय मागायला लंडनला गेले आणि चौदा वर्षांच्या आसपास तिथं झगडत राहिले. अर्ज, पत्रकं, सभा. जोसेफ ह्यूमसारखे सभासद पार्लमेंटमध्ये बोलले. निकाल लागला नाही. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीलाच वारले. पुढच्याच वर्षी शहाजीही वारले. मरणाआधी त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीनं नामंजूर केला आणि १८४८ साली सातारा खालसा झालं. लढाईत गरज होती म्हणून दिलेलं राज्य गरज सरल्यावर परत घेतलं. राजवाड्यातल्या विधवा राण्यांपुढे पेन्शन आणि अर्ज एवढंच उरलं. हाच दत्तक नामंजुरीचा नियम पुढं झाशीला लावला. मोरोपंत तांब्यांच्या मुलीनं, राणी लक्ष्मीबाईनं, त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मला इथं राजाची आरती ओवाळायची नाही. तो राजा होता, त्याच्या दरबारात आपल्यासारख्या बायका नव्हत्या, शेतकरी-कष्टकऱ्यांना त्याला निवडायचा हक्क नव्हता. मला त्याची एकच गोष्ट घ्यायची आहे. ती कळण्यासाठी दुसऱ्या एका राजाकडे बघू.

१९३१ मध्ये जपानी फौजेनं चीनचा मांचुरिया प्रांत बळकावला आणि १ मार्च १९३२ रोजी तिथं 'मांचुकुओ' नावाचं राज्य जाहीर केलं. चीनचा गादी गेलेला शेवटचा सम्राट पूयी याला आणून प्रमुख केलं, दोन वर्षांनी पुन्हा सम्राट केलं. प्रत्येक खात्याचा मंत्री तिथला, आणि त्याचा उपमंत्री जपानी. काम उपमंत्र्याचं, सही मंत्र्याची. १९३२च्या मार्चमध्येच पूयीनं जपानी सेनापतीच्या नावे एका गुप्त पत्रावर सही केली होती. संरक्षण, रेल्वे, जपानी अधिकाऱ्यांच्या नेमणुका, सगळं जपानच्या हवाली. १९४५ मध्ये जपान हरला, मांचुकुओ संपलं. १९४६ मध्ये तोक्योच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात पूयी साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, माझ्यावर जबरदस्ती होती. असेलही. पण तेरा-साडेतेरा वर्षांच्या हुकमांवर नाव त्याचंच होतं.

आणि त्याची राणी? तिचं नाव वानरोंग. बाहुल्याची बायको, म्हणजे तिच्या गळ्यात दुहेरी दोरी. राष्ट्रसंघाचा लिटन आयोग मांचुरियात चौकशीला आला तेव्हा मला इथून सोडवा, असा निरोप तिनं गुपचूप पाठवला होता, असं आयोगाबरोबरच्या चिनी प्रतिनिधीनं लिहून ठेवलं आहे. कुणी सोडवलं नाही. ती अफूच्या आहारी गेली आणि १९४६ मध्ये कैदेत मेली. राज्यं बाहुली असली की त्यांच्या घरातल्या बायांचं काय होतं, हे कुठल्या तहात लिहिलेलं नसतं.

सगळीच बाहुली शेवटपर्यंत बाहुली राहिली असं नाही. ब्रह्मदेशच्या त्या सरकारात आँग सान युद्धमंत्री होते. २७ मार्च १९४५ रोजी त्यांनीच आपली फौज जपानविरुद्ध फिरवली. आझाद हिंद सरकारलाही इंग्रज जपानचं बाहुलं म्हणत. अंदमान-निकोबार त्या सरकारला दिल्याचं जाहीर झालं, पण प्रत्यक्ष कारभार जपानी नौदलानं सोडला नाही, हे खरं आहे. पण राणी झाशी पलटणीत भरती झालेल्या मुली, त्यातल्या कितीतरी मलायाच्या मळ्यांवरच्या मजूर घरांतल्या, कुणाच्या बाहुल्या म्हणून घराबाहेर पडल्या नव्हत्या. तेव्हा वरून दिलेली जागा खोटी असली तरी त्या जागेवर उभं राहिलेलं माणूस खोटंच असतं, असं नाही.

आता मी सुरुवातीला म्हटलं ते सांगते, ही गोष्ट आपल्या जवळची का.

चाकणच्या बाजूच्या एका गावात मी काही वर्षं काम केलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या सरपंच माझ्या आईच्या वयाच्या. मी त्यांना काकू म्हणायची, त्या मला ताई म्हणायच्या. कारखाने आले तशा गावातल्या जमिनींना किमती आल्या. ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याला भाव आला. दाखला टाईप होऊन घरी यायचा, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला जायचा, आणि काकू हात धुऊन सही करायच्या. एकदा अशा एका दाखल्यावरून तक्रार झाली. ज्या जागेसाठी दाखला दिला ती गुरांच्या वाटेची होती. चौकशीची नोटीस आली. नोटिशीवर नाव कुणाचं? काकूंचं. ज्यांनी कागद ताटाशेजारी ठेवला त्यांचं नाव कुठंच नव्हतं. काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता तूच लिही काय ते."

आणि मी लिहिलं. रात्री बसून चांगला तीन पानी खुलासा लिहिला, कलमं घातली, सकाळी काकूंपुढे ठेवला. म्हटलं, इथं सही करा. त्यांनी केली.

सुनावणीला साहेबांनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय त्याचा अर्थ काय?" काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी दाराबाहेर उभी होते, आत बोलायची मला परवानगी नव्हती. त्या गप्प राहिल्या. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, जा. एस.टी.त आम्ही दोघी शेजारी बसून आलो. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांच्या कागदावर सही करत होते, काल तुझ्या कागदावर केली."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, स्त्रियांच्या सक्षमीकरणाची शिबिरं घेणारी मी, काकूंच्या नावाखाली माझा मजकूर घातला. हेतू चांगला होता. भिड्याचा वाईट होता, माझा चांगला होता. पण काकूंच्या बाजूनं बघितलं तर फरक किती? पुढं सातारच्या कागदांत गिरजाबाई भेटल्या तेव्हा मला काकू आठवल्या. म्हणून कार्यकर्त्यांना सांगते, आपण नवऱ्याच्या हातातली दोरी सोडवतो आणि नकळत आपल्या हातात धरतो. भाषण आपण लिहून देतो, निवेदन आपण लिहितो, फोटोत मात्र त्यांना पुढं उभं करतो. रेसिडेंट साहेब फक्त टोपीवालाच असतो असं नाही, तो खादीची झोळीही अडकवून येतो.

आता सातारच्या राजात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तो नीट लक्षात घ्या. राजाची गादी इंग्रजांनी दिली होती. देणाऱ्याचा तह, देणाऱ्याच्या अटी, म्हणून देणाऱ्यानं परत घेतली. तुमची खुर्ची कुणी दिली? नवऱ्यानं? पार्टीच्या पुढाऱ्यानं? तसं ते सांगतात, "आम्ही तुला उभी केली." पण ते खरं नाही. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, तिनं एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. आणि त्याआधीही, १९८९ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या बायकांनी सगळं पॅनेल बायकांचं उभं करून ग्रामपंचायत जिंकली होती. तेव्हा खुर्ची घटनेची आहे आणि मत गावाचं आहे. कुणाच्या तहाची नाही. ज्यांनी दिली नाही त्यांना ती परत मागता येत नाही.

मागत नाहीत असं मात्र नाही. जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडे गावच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात अशा तक्रारीवरून अपात्र ठरवलं गेलं. त्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं ती अपात्रता रद्द केली. बाई सरपंच झाली हे गावातल्यांना पचलं नाही, असंही न्यायालयानं नोंदवलं. प्रतापसिंहांना लंडनमध्ये मिळालं नाही ते या बाईंना दिल्लीत मिळालं, कारण त्यांच्या मागे तह नव्हता, घटना होती.

पण घटना सहीला वाचवत नाही. गैरवर्तन झालं तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली सरपंचाला काढता येतं, आणि तेव्हा 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. आता तर सही पेनाचीही राहिली नाही. ई-ग्रामस्वराजवर पैसे काढायचे तर सरपंचाची डिजिटल सही लागते. ती एका छोट्या डोंगलमध्ये असते. मी आत्ता विचारते, इथं बसलेल्या सरपंचांपैकी कितीजणींची डोंगल स्वतःच्या पर्समध्ये आहे? हात वर करा.

(दोन हात वर झाले.)

दोन. बाकीच्यांची ग्रामपंचायतीच्या कपाटात, ऑपरेटरकडे, नाहीतर मालकांच्या खिशात. राजाचा शिक्का कुणाकडे असतो यावरून राज्य कुणाचं ते कळतं. म्हणून आज घरी गेल्यावर पहिलं काम, डोंगल आणि पासवर्ड मागून घ्या. भांडू नका, नुसतं म्हणा, "नोटीस माझ्या नावानं येते, तर हे माझ्याकडे असू द्या."

दुसरं, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या प्रोसिडिंगवर सही नाही. सभा झाल्यावर ठराव लिहून होईपर्यंत बसून राहा. स्वयंपाकाला उशीर झाला तर होऊ द्या. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, आणि सोबत गटातली एक मैत्रीण न्या. ती वाचेल, ठरवायचं तुम्ही. तिसरं, सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी पिशवीत ठेवा. चौथं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर घेऊ नका, खरी घ्या. एकट्या बाहुलीला दोरी बांधता येते, पन्नास बायांना एकदम बांधायला कुणाला जमत नाही. तह पाळायला लावणाऱ्यांना माहीत असतं की माणूस एकटं पडलं पाहिजे. पाचवी अट त्यासाठीच होती. तेव्हा आपली पहिली अट उलटी. आपण एकमेकींशी बोलायचं, परस्पर बोलायचं, कुणाच्या मार्फत नाही.

आणि शेवटचं. कधीतरी तुमच्यापुढेही तो कागद येईल, ज्यावर सही केली तर खुर्ची राहते, घरात शांतता राहते, वरच्यांची मर्जी राहते. आणि सही केली नाही तर सगळं जाण्याची भीती असते. त्या दिवशी मी बाहेर दारापाशी उभी असेन, आत येऊ शकणार नाही. तुमच्या बाजूनं मी बोलू शकणार नाही, आणि मी बोलूही नये. तुम्हीच तो कागद वाचायचा. पटला तर सही करायची. नाही पटला तर पेन खाली ठेवायचं. बाहुली पेन खाली ठेवू शकत नाही, माणूस ठेवू शकतं.

काकूंचं काय झालं, हे तुम्ही विचाराल म्हणून सांगते. चौकशी रेंगाळली, मुदत संपेपर्यंत काही झालं नाही. पण पुढच्या मासिक सभेत टाईप केलेला ठराव समोर आला तेव्हा काकूंनी चष्मा लावला, एकेक शब्द जुळवत वाचायला लागल्या. अर्धा तास गेला. सगळे चुळबुळ करायला लागले. कुणीतरी म्हणालं, "काकू, सही करा, गाडी जाईल." काकू म्हणाल्या, "जाऊ दे. दुसरी येईल."

मी तेव्हाही दाराबाहेरच होते. पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.